गुडघा दुखावल्यावर मांडी का वाळते आणि ती परत कशी भरून आणायची: टप्प्याटप्प्याने

परळ-लालबाग भागात फिजिओथेरपी करताना एक प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. "मॅडम, दुखत तर अजिबात नाही, मग जिना उतरताना गुडघा सुटतो कशाने?" विचारणारा बहुतेक वेळा पंचवीस-तिशीतला असतो. चार-सहा महिन्यांपूर्वी कबड्डीत किंवा बाइकवरून पडून गुडघा मुरगळलेला असतो. पंधरा दिवस आराम, गोळ्या, क्रेप बँडेज आणि दुखणं थांबल्याबरोबर कामावर हजर. व्यायाम कोणी सांगितला होता का, असं विचारलं तर "कागद दिला होता, घरी असेल कुठेतरी."

मी त्याला दोन्ही पाय लांब करून बसायला सांगते आणि मांड्या शेजारी शेजारी दाखवते. गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर, आतल्या अंगाला, चांगल्या पायावर टपोरा फुगवटा असतो. दुखऱ्या पायावर तिथे खळगा असतो. बोटाने दाबलं तर ओल्या फडक्यासारखं लागतं. सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्याने तिकडे नीट पाहिलेलं असतं.

आराम केला ही त्याची चूक नाही. चूक क्रमाची आहे. दुखणं थांबलं की काम संपलं असं धरून चालल्यामुळे मधले चार टप्पे राहून जातात. ते कोणते आणि कोणत्या क्रमाने करायचे, हे इथे सविस्तर लिहिते आहे. उदाहरण गुडघ्याचं घेतलं आहे. घोटा आणि खांदा शेवटी.

## आधी एवढं समजून घ्या

पाय वापरला नाही म्हणून स्नायू वाळला, असं सगळ्यांना वाटतं. ते खरं आहे, पण अर्धंच. त्याआधी, अगदी पहिल्या काही तासांत, दुसरंच काही घडलेलं असतं. सांध्याच्या आवरणात आणि लिगामेंटमध्ये, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यांत, ताण व दाब ओळखणारी नसांची टोकं असतात. आत पाणी किंवा रक्त साठलं की ती मज्जारज्जूला एकसारखी खबर देत राहतात. मग मज्जारज्जू मांडीच्या पुढच्या स्नायूकडे, म्हणजे क्वाड्रिसेप्सकडे, जाणारा हुकूमच कमी करून टाकतो. स्नायू धडधाकट असतो, त्याची नसही शाबूत असते, पण त्याला पूर्ण आकसू दिलं जात नाही. तुम्ही दात-ओठ खाऊन जोर लावलात तरी हुकूम वाटेतच अडतो.

निरोगी गुडघ्यात नुसतं सलाइन भरून हे तपासलेलं आहे. मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू ढिला पडायला २० ते ३० मिलिलिटर पुरतं. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजलं तर दोन-तीन मापं. दुखापत नाही, वेदना नाही, तरी स्नायू बंद. दुखण्यावरून गुडघ्याची पारख करू नका असं मी पुन्हा पुन्हा सांगते, ते यासाठी.

आता पुढच्या वीस वर्षांचं. चालताना टाच टेकते त्या क्षणी हा स्नायू गुडघा किंचित वाकू देतो आणि धक्का स्वतः पितो. तो झोपलेला असला की माणूस नकळत गुडघा ताठ ठेवून चालतो आणि धक्का कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर, जातो. कूर्चेला ना रक्तवाहिन्या ना नसा. झिजताना ती दुखत नाही, आणि झिजली की सहजासहजी भरून येत नाही. एसीएल (गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट) किंवा मेनिस्कस (दोन हाडांमधली कूर्चेची गादी) फाटलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांच्या एक्स-रेत १० ते २० वर्षांत झिजेच्या खुणा दिसू लागतात. विशीत पडलेल्याच्या हिशेबात हे तिशी-चाळिशीतच येतं. शस्त्रक्रियेने लिगामेंट नवं मिळतं, पण स्नायू ज्याचा त्यालाच कमवावा लागतो.

आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा. कूर्चेचं पोषण स्पंजासारखं, दाबण्या-सुटण्यातून होतं. महिनाभर पलंगावर पडून राहिल्याने ती वाचत नाही, उपाशी राहते.

## तयारी: घरात काय हवं आणि काय मोजायचं

शिंप्याचा टेप, बॉलपेन, जाडसर टॉवेल, न हलणारी खुर्ची, बर्फ, गुडघ्यासाठी १५ सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज आणि एक वही. जिन्याची सगळ्यात खालची पायरी फुकट मिळते. बाकी काहीही विकत घेऊ नका, विशेषतः चुंबकाचे पट्टे तर नकोच.

वहीत पहिल्याच दिवशी चार गोष्टी लिहा, दोन्ही पायांच्या:

१. वाटीच्या मध्यावर गुडघ्याचा घेर. ही सूज.
२. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर वर पेनाने खूण करून मांडीचा घेर. हा स्नायू. सूज असेपर्यंत हा आकडा फसवा असतो, म्हणून पहिले दोन आठवडे त्यावरून आनंद किंवा दुःख करू नका.
३. पाय लांब करून बसल्यावर गुडघ्यामागे किती बोटं सरकतात.
४. सकाळी उठल्यावरचं दुखणं, ० ते १० मध्ये.

आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी सकाळी, पुन्हा मोजा. वही नसलेला पेशंट मला अंदाजाने सांगतो, "बराच फरक आहे." टेप लावल्यावर फरक निघतोच असं नाही.

थांबा, आधी डॉक्टर. पुढीलपैकी काहीही असेल तर हा लेख बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा: मार लागल्यावर दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला (आत रक्त साठल्याची आणि बऱ्याचदा एसीएल फाटल्याची खूण), फुटल्यासारखा आवाज आला, चार पावलंही टाकता येत नाहीत, गुडघा ९० अंशांपर्यंत वाकत नाही, एका जागी अडकून बसला आहे, सरळच होत नाही, नुसत्या वाटीवर किंवा बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या गुठळीवर बोट ठेवलं तरी कळ जाते, वय ५५ किंवा त्याहून जास्त आहे. पाय थंड किंवा बधिर पडला, सांधा गरम होऊन ताप आला, किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी, वाट न बघता. पोटरीच्या सुजेबरोबर धाप लागली तर थेट इमर्जन्सी विभागात. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत अस्थिरोग आणि फिजिओथेरपी या दोन्ही ओपीडी आहेत. केस पेपर काढून सकाळी लवकर जायचं.

## टप्पा १: सूज उतरवणं (साधारण पहिले ३ ते ७ दिवस)

इथे सगळ्यात जास्त नुकसान प्रेमाने केलेल्या उपायांनी होतं. शेजारचे काका येतात, गरम तेल लावून गुडघा जोरात चोळतात, आणि दुसऱ्या दिवशी तो दुप्पट होतो. पहिले ७२ तास शेक नाही, मालिश नाही, दारू नाही, पळणं नाही. हाडवैद्याकडून "बसवून" घेणं तर कधीच नाही. आंबेहळदीचा लेप लावायचा असेल तर लावा, फक्त तो गरम नको आणि त्या भरवशावर बाकीचं सोडायचं नाही.

क्रम असा:

१. दिवसातून ४ ते ५ वेळा, प्रत्येक वेळी १५ ते २० मिनिटं बर्फ. मध्ये ओलं फडकं हवंच. बर्फ थेट कातडीवर ठेवून भाजलेले गुडघे मी पाहिले आहेत.
२. बँडेज खालून वर, पोटरीच्या मध्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत. खाली थोडं घट्ट, वर सैल. बोटं निळसर किंवा बधिर झाली तर लगेच सोडा. रात्री काढून ठेवा.
३. पाय छातीपेक्षा वर. उशी टाचेखाली आणि पोटरीखाली. गुडघ्याखाली उशी नको. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते, कारण त्याने बरं वाटतं. पण गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि पुढचा सगळा टप्पा लांबतो.
४. घोटा वर-खाली, तासाला २० वेळा.
५. चालताना काठी. काठी धरायची चांगल्या बाजूच्या हातात आणि ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. बहुतेक जण दुखऱ्या बाजूला धरतात.

वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. पित्त, किडनी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच विचारून. झोप लागावी म्हणून गोळी घेणं ठीक. दुखणं दाबून ऑफिस गाठण्यासाठी घेणं धोक्याचं.

तपासणी: पाय लांब करून बसा. तळव्याने वाटीच्या आतल्या बाजूची सूज खालून वर मांडीकडे सारा. मग मांडीच्या बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरवा. आतल्या खळग्यात पाण्याची लाट परत येऊन भरली तर सूज अजून आत आहे. लाट जेमतेम दिसते अशी अवस्था आली की टप्पा २ आणि ३ जोमाने करायचे.

## टप्पा २: गुडघा पूर्ण सरळ करणं

लोक वाकण्याच्या मागे लागतात. मांडी घालून कधी बसता येईल, देवळात खाली कधी बसता येईल, हीच काळजी. मी सांगते, वाकणं पुष्कळदा आपोआप येतं. सरळ होणं हट्टाने आणावं लागतं. गुडघा शेवटचे पाच अंश जरी सरळ झाला नाही तरी क्वाड्रिसेप्स पूर्ण आकसू शकत नाही, माणूस लंगडतो, आणि लंगडण्याची सवय दुखणं गेल्यावरही राहते. त्यातच मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, दुखापतीनंतर ताठरतो आणि गुडघा वाकलेलाच धरून ठेवतो.

१. आडवे व्हा, टाच गुंडाळलेल्या टॉवेलवर, गुडघ्याखाली पोकळी. १० मिनिटं तसंच पडून राहा, दिवसातून ४ वेळा. गुडघा स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्या. मांडीची मागची बाजू मुद्दाम सैल सोडा.
२. पालथे झोपून पोटऱ्या पलंगाच्या कडेबाहेर सोडा. वाटी कडेच्या अगदी बाहेर येईल असं पाहा. ५ मिनिटं.
३. वाकवण्यासाठी: पाठीवर झोपून टाच भिंतीवर टेकवायची आणि हळूहळू खाली घसरू द्यायची. हाताने ओढायचं नाही.

मेनिस्कस शिवलेला असेल किंवा इतर कोणती शस्त्रक्रिया झाली असेल, तर किती वाकवायचं आणि किती वजन द्यायचं हे सर्जनच ठरवतील. तिथे माझं काय, कोणाचंच सर्वसाधारण वेळापत्रक लागू होत नाही.

तपासणी: गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना सारखीच बोटं सरकतात का? उभं राहून मागून फोटो काढून घ्या. पोटऱ्यांच्या मागच्या रेषा सारख्या दिसायला हव्यात.

## टप्पा ३: झोपलेला स्नायू जागवणं

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे. व्यायाम दिसायला इतका साधा आहे की लोक दोन दिवसांत सोडून थेट जिममध्ये जातात. जागा न झालेला स्नायू घेऊन स्क्वॅट मारले तर शरीर चलाख आहे; ते नितंब, मागची मांडी आणि चांगला पाय यांच्याकडून काम करून घेतं. स्क्वॅटचा आकडा वाढत जातो आणि खळगा तसाच राहतो.

१. व्यायामाच्या लगेच आधी १५ ते २० मिनिटं बर्फ. सुजेसाठी नव्हे, तर सांध्याकडून येणारी ती खबर थोडा वेळ मंद करण्यासाठी. साधारण अर्ध्या तासाची खिडकी उघडते, तेवढ्यात काम उरकायचं.
२. पाय लांब, गुडघ्याखाली छोटा नॅपकिन. चांगल्या पायाने आधी करून पाहा: गुडघा खाली दाबा आणि वाटी मांडीकडे सरकते का पाहा. वाटीवर दोन बोटं हलकी ठेवली की ती वर सरकताना जाणवते. हेच दुखऱ्या पायाने करायचं आहे.
३. दोन्ही पाय एकदम आकसा, ५ ते ६ सेकंद धरा, पूर्ण सोडा. १० वेळा. असं दिवसातून ५ ते ६ वेळा. सोडणंही धरण्याइतकंच महत्त्वाचं.
४. डोळ्यांनी पाहत करा. आतल्या फुगवट्यावर बोटांनी टकटक करत राहिलं तर स्नायूला जाग यायला मदत होते.
५. वाटी सरळ वर सरकू लागली की पाय उचलणं: आधी गुडघा खाली दाबा, तो ताण न सोडता टाच वीतभर उचला, ३ सेकंद, खाली. ३ वेळा १०.

फसवाफसवी ओळखा. नितंब आवळून पलंगावरून उचललं जाणं, टाच पलंगात रुतवणं, श्वास रोखून चेहरा लाल करणं. यातलं काही होत असेल तर जोर निम्मा करा.

करंटबद्दल बोलायलाच हवं, कारण "दहा दिवस शेक आणि करंट घेतला" हे मी रोज ऐकते. करंट दोन जातींचे असतात. मुंग्या आणणारा करंट दुखणं कमी करतो. पेशंट मोबाइल बघत पडून राहतो आणि स्नायू तसाच झोपलेला राहतो. दुसरा स्नायूला प्रत्यक्ष आकसवतो. तो लावला की मांडी डोळ्यांदेखत उचलली जाते. जागवण्याच्या टप्प्यात उपयोग दुसऱ्याचा, आणि तोही त्याच क्षणी तुम्ही स्वतः जोर लावलात तर. तुमच्या फिजिओला बिनधास्त विचारा की हा कोणता. दहा दिवस नुसतंच मशीन लागलं आणि एकही व्यायाम शिकवला गेला नाही, तर तो उपचार अर्धवट झाला.

तपासणी: पाय उचलताना गुडघा आधी निघतो, टाच मागे राहते आणि गुडघा जरासा वाकतो का? वाकत असेल तर स्नायू अजून पूर्ण जागा नाही. न वाकवता सलग १० वेळा उचलता आला, गुडघा पूर्ण सरळ होतो, सूज जेमतेम आहे आणि लंगडणं नाही, अशा चारही गोष्टी जमल्यावरच काठी सोडा.

## टप्पा ४: ताकद

इथे उलटी चूक होते. अर्धा किलोचं वजन घोट्याला बांधून तीन महिने शंभर-शंभर वेळा पाय उचलणारी माणसं मला भेटतात. मेहनत खरी असते, फळ मिळत नाही. ताकद वाढायला भार इतका हवा की ८ ते १२ वेळांनंतर शेवटचे दोन जड जातील. ३ फेऱ्या, आठवड्यातून २ ते ३ दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. निदान १२ आठवडे.

खुर्चीवरून उठ-बस, आधी दोन पायांनी, मग वजन दुखऱ्या पायावर जास्त ठेवून, शेवटी एका पायावर. भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं. पायरी चढणं, मग पायरीवरून दुसऱ्या पायाची टाच हळूच खाली टेकवणं. त्याबरोबर पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि टाचा उचलणं, कारण नितंब आणि पोटरीही ढिल्या झालेल्या असतात. जिममध्ये लेग प्रेस आणि लेग एक्स्टेंशन दोन्ही उपयोगी आहेत, आणि दोन्ही एकेका पायाने करायची. दोन पायांनी केलं की चांगला पाय मदत करून मोकळा होतो. एसीएलची नवी शस्त्रक्रिया असेल तर लेग एक्स्टेंशनला कधी हात लावायचा हे फिजिओला विचारल्याशिवाय ठरवू नका.

दुसऱ्या सकाळचा नियम: व्यायाम करताना १० पैकी ३-४ पर्यंत दुखणं चालेल. दुसऱ्या सकाळी ते मूळ पातळीवर आलं पाहिजे आणि टेपवर सूज वाढलेली नको. वाढली तर गेल्या वेळचा भार जास्त होता; एक पायरी खाली या, पूर्ण थांबू नका. स्नायूचा ठणका आणि सांध्याचं दुखणं वेगळं असतं. मांडीच्या मधोमध दुखतंय तर चांगलं लक्षण, वाटीच्या आत किंवा सांध्याच्या रेषेवर दुखतंय तर भार उतरवा.

तपासणी: खालच्या पायरीवर दुखऱ्या पायावर उभे राहा, समोर आरसा किंवा कोणीतरी मोबाइल घेऊन. दुसरी टाच हळू खाली टेकवा. गुडघा आत, दुसऱ्या पायाकडे कलतोय का? कंबर एका बाजूला पडतेय का? माझ्याकडे येणारे दहापैकी बरेच जण इथे अडतात, जिममध्ये कितीही किलो उचलत असले तरी.

## टप्पा ५: तोल

दुखावलेल्या सांध्यातून मेंदूला येणारी "पाय कुठे आहे" ही खबरही अंधूक होते. ताकद आली तरी ती आपोआप लख्ख होत नाही. दात घासताना एका पायावर ३० सेकंद, मग डोळे मिटून, मग घडी घातलेल्या चादरीवर, मग कोणीतरी चेंडू टाकतंय आणि तुम्ही झेलताय असं. जवळ धरायला ओटा किंवा भिंत हवी. बर्फानंतर लगेच हे करू नका, सांधा तेव्हा बधिर असतो.

## टप्पा ६: पळणं, उडी, मैदान

आधी अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या सकाळी सूज नाही, हे पाहा. मग १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं ८ वेळा, एक दिवसाआड. शिवाजी पार्कसारख्या मातीच्या मैदानावर, ते कोरडं असताना. मग दोन पायांच्या उड्या, एका पायाच्या, शेवटी वळणं. उडीतून उतरताना आवाज ऐका. "धप्प" आलं तर स्नायू धक्का पीत नाही.

मैदानात उतरण्याआधी दोन्ही पाय मोजा: एका पायावर खुर्चीतून किती वेळा उठता येतं, एका पायाने किती टाचा उचलता येतात, एका पायावर उडी किती लांब जाते. दुखऱ्या पायाचा आकडा चांगल्याच्या निदान ९० टक्के हवा. चांगल्या पायाने उडी १५० सेंटिमीटर तर दुखऱ्याने १३५. इथे एक सापळा आहे. महिनोन्‌महिने बसून चांगला पायही कमजोर झालेला असतो, त्यामुळे दोन दुबळे पाय सारखे निघतात आणि माणूस पास होतो. एका पायावर २० पेक्षा कमी टाचा उचलता येत असतील तर टक्केवारी बघूच नका.

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांच्या आत खेळात परतणाऱ्यांत पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. हे मी गोविंदा पथकातल्या मुलांना कळकळीने सांगते. गुरुपौर्णिमेला सराव सुरू होतो. तिथपासून गोपाळकाला साधारण साडेपाच आठवड्यांवर असतो. गेल्या वर्षी गुडघा दुखावलेला मुलगा सरावाच्या पहिल्या दिवशी व्यायामाला लागतो, आणि ताकदीच्या बारा आठवड्यांचं गणित त्यात बसतच नाही. तळाच्या थरात उभं राहायचं असेल तर व्यायामाची सुरुवात होळीच्या सुमारास हवी.

## मुंबईत रोज लागणाऱ्या गोष्टी

पूल आणि जिने. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. कठड्याच्या बाजूने चाला, मागच्यांना पुढे जाऊ द्या. दादरच्या पुलावर संध्याकाळी सहाला हे अवघड आहे, मला ठाऊक आहे. म्हणून पहिला महिनाभर ऑफिसला वेळ बदलून मागा.

लोकल. चालत्या गाडीतून उतरणं निदान सहा महिने बंद. उतरल्याबरोबर पहिल्या एक-दोन पावलांत सगळा धक्का एका गुडघ्यावर येतो, आणि झोपलेला स्नायू तो पिऊ शकत नाही. उभं राहावं लागलं तर वजन दोन्ही पायांवर ठेवा; दुखरा पाय वाचवत तासभर उभं राहिलं की लंगडणं पक्कं होतं. त्या वेळात दर स्टेशनला पाच वेळा मांडी आवळा-सोडा.

ऑफिस. गुडघा वाकवून सलग नऊ तास बसू नका. पाऊण तासाने उठा, पाय लांब करून दहा वेळा वाटी वर खेचा.

नीकॅप. गर्दीत, पावसात, प्रवासात घाला. घरात काढा. दिवस-रात्र घातलेली नीकॅप आधार दिल्याचा भास देते आणि स्नायूला काम देत नाही.

मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं. गुडघा दोन्ही बाजूंना सारखा वाकू लागला आणि टप्पा ४ ची तपासणी जमली की सुरू करा; आधी पाटावर किंवा जाड उशीवर, पाच मिनिटं.

## घोटा मुरगळला असेल तर

क्रम तोच, जागा वेगळी. इथे ढिला पडतो तो नडगीच्या बाहेरच्या बाजूचा, पाऊल बाहेर वळवणारा स्नायू. खड्ड्यात पाय पडल्यावर पाऊल आत मुडपू न देणारा हाच, आणि तो जागा झाला नाही म्हणूनच एकाच घोट्याला पुन्हा पुन्हा लचक भरते. "माझा घोटा असाच आहे" असं म्हणून लोक सोडून देतात.

एक्स-रे कधी: चार पावलं टाकता येत नाहीत, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर मागच्या कडेने खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मधल्या उंचवट्यावर किंवा आतल्या कमानीच्या हाडावर दाबलं की कळ येते.

सूज उतरल्यावर आधी घोट्याचं वाकणं मोजा. भिंतीसमोर उभे राहा, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा, आणि अंगठा भिंतीपासून किती सेंटिमीटर मागे नेता येतो ते दोन्ही बाजूंना पाहा. फरक भरून काढेपर्यंत पळू नका. मग रबरी पट्टा भिंतीकडच्या खिळ्याला किंवा पलंगाच्या पायाला अडकवून पाऊल बाहेर ओढणं, टाचा उचलणं, आणि टप्पा ५ चे तोलाचे व्यायाम निदान ६ आठवडे. कबड्डीत घोट्याची पकड होतेच. परतल्यावर पहिले काही महिने घोट्याला चिकटपट्टीचा टेप किंवा ब्रेस (आधाराचा पट्टा) लावूनच चढाईला जा.

## खांदा

निखळलेला खांदा मैदानात मित्राने ओढून बसवायचा नाही. नस आणि हाड दोन्ही दुखावतात. हात झोळीत घालून थेट रुग्णालय. विशीच्या आतल्या मुलांत खांदा पुन्हा निखळण्याचं प्रमाण फार मोठं असतं, म्हणून झोळी निघाल्याबरोबर पुशअप्स सुरू करणाऱ्यांना मी अडवते. आधी पाठीच्या फऱ्याचे आणि खांद्याच्या आतल्या छोट्या, गोळा जागेवर धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम: कोपर बरगडीला चिकटवून, मध्ये घडी केलेला नॅपकिन धरून, रबरी पट्टा बाहेर ओढायचा. नॅपकिन खाली पडला तर मोठे स्नायू मध्ये घुसले असं समजा आणि पट्टा हलका घ्या.